चेंडू आमच्या मुलांचा, मैदान कुणाचे?

पनवेल परिसरात गेल्या काही वर्षांत फुटबॉल अकादम्यांचे पेव फुटले आहे. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, कुठेही जा. हिरव्या जाळीतले टर्फ, तासावर आकारले जाणारे भाडे, रंगीत जर्सी आणि प्रवेशद्वारावर मोठमोठे फलक! 'उद्याचे खेळाडू येथे घडतात' असा दावा करणाऱ्या या अकादम्यांना एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. उद्याचे खेळाडू घडतात, पण ते कुणाच्या घरचे? नाका कामगाराच्या घरचे? घरकाम करणाऱ्या बाईच्या घरचे? माळडुंगे-धोदाणीच्या कातकरी-ठाकूर वाड्यांवरचे?

अकादमी म्हणजे आजच्या काळाचे गुरुकुल. आणि गुरुकुल म्हटले की आपल्या समाजाला पहिला प्रश्न पडतो तो प्रवेशाचा. एकलव्याचा अंगठा ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना तो पडणारच. आज कुणी जात विचारून दार लावत नाही. आज फी विचारली जाते, बुटांची जोडी विचारली जाते, जन्मदाखला विचारला जातो आणि गाडीने सोडायला-न्यायला कोण येणार हे विचारले जाते. उत्तरे नसली की दार आपोआप बंद होते. कायद्याच्या भाषेत याला अस्पृश्यता म्हणता येणार नाही. परंतु परिणाम पाहिला तर फाटकाच्या आत कोण आणि बाहेर कोण, याची यादी फारशी बदललेली नाही.

खेळाच्या मैदानावरचा जातिभेद आपल्याला नवा नाही. पुण्याच्या युरोपियन क्लबात मैदानाची निगा राखणारे पाळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले. साहेबांना सराव देण्यासाठी त्यांनी तासन् तास गोलंदाजी केली, पण त्यांच्या हाती बॅट द्यावी असे कुणाला वाटले नाही. हिंदू संघाला जिंकण्यासाठी बाळूंची फिरकी हवी होती, मात्र चहाच्या वेळी त्यांना पॅव्हेलियनच्या बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. त्यासाठी भावांना संघातून बाहेर पडून निषेध करावा लागला, तेव्हा कुठे 1923 साली त्यांचे बंधू विठ्ठल कर्णधार झाले. पुढे 1937 च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पराभूत झाले, तो इतिहास वेगळा. पण गुण मान्य करायचे आणि माणूस नाकारायचा, ही या देशाची जुनी रीत त्यांच्या आयुष्यात स्वच्छ दिसते.

त्याच 1923 साली सातासमुद्रापार ब्राझीलमध्ये काय घडले ते पाहा. रिओ शहरातील वास्को द गामा या क्लबने कृष्णवर्णीय आणि कामगार खेळाडूंचा संघ उतरवला आणि शहराचे अजिंक्यपद जिंकले. श्रीमंत गोऱ्या क्लबांना ते सहन झाले नाही. त्यांनी नवी संघटना काढली आणि वास्कोला अट घातली, की हे बारा खेळाडू काढा, मगच प्रवेश मिळेल. 1924 मध्ये क्लबच्या अध्यक्षांनी लेखी उत्तर पाठवले. खेळाडू काढणार नाही, तुमची संघटनाच नको! ज्या ब्राझीलच्या फुटबॉलचे आज जग गोडवे गाते, त्याच्या मुळाशी हा नकार आहे. आपल्याकडे असे पत्र लिहिणारा क्लब किती काळ वाट पाहायला लावणार?

अकादमीचे अर्थकारण

क्लबची युवा अकादमी कशी चालते हे आपल्या पालकांनी नीट समजून घेतले पाहिजे. आठ-दहा वर्षांची मुले निवडायची, तेरा, पंधरा, सतरा वर्षांखालील असे गट करायचे, आठवड्यातून चार-पाच दिवस सराव आणि वर्षभर सामने द्यायचे. आहार, व्यायाम, दुखापतीचा उपचार, शाळा हे सारे त्यासोबत. शेवटी मूठभर मुले मुख्य संघात जातात, बाकीच्यांना निरोप मिळतो. बार्सिलोना क्लबची ला मासिया ही निवासी अकादमी 1979 पासून चालू आहे. अर्जेंटिनाच्या रोझारिओ शहरातला तेरा वर्षांचा लिओनेल मेस्सी 2000 साली तिथे गेला, तेव्हा त्याची वाढ खुंटली होती आणि औषधोपचार घरच्यांना परवडत नव्हता. क्लबने तो खर्च उचलला. त्याचे पुढे काय झाले हे सांगायला नको.

हा काही धर्मादाय कारभार नव्हता. क्लब पोरात पैसा गुंतवतो, कारण पोर मोठे झाल्यावर तो पैसा परत येतो. जागतिक महासंघ 'फिफा'च्या 2001 पासूनच्या नियमानुसार खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात विक्री झाली, की रकमेचा 5 टक्के हिस्सा त्याला वयाच्या 12 ते 23 या काळात ज्या ज्या क्लबांनी घडवले त्यांच्यात वाटला जातो. पहिला व्यावसायिक करार झाला की प्रशिक्षणाचा वेगळा मोबदलाही मिळतो. म्हणजे मुलाला घडवणाऱ्या छोट्या क्लबलाही वाटा आहे, मात्र त्याची नोंद झालेली असली पाहिजे. वस्तीतल्या मंडळाने पाच वर्षे मुलाला शिकवले आणि कागदावर नाव मात्र दुसऱ्याच अकादमीचे लागले, तर तो वाटा कुणाला मिळणार? इथे द्रोणाचार्याला अंगठा मागावा लागत नाही. नोंदणीचा कागद स्वतःच्या नावावर असला की पुरे!

जगात अशी गुंतवणूक क्लब करतो. आपल्याकडे मात्र बहुसंख्य अकादम्यांचा व्यवहार उलटा आहे. इथे मुलगा ही गुंतवणूक नसून गिऱ्हाईक आहे. फी भरणारा प्रत्येक मुलगा 'गुणवान' ठरतो आणि फी थांबली की त्याचे गुण संपतात. याला अपवाद आहेत. नवी मुंबईतच रिलायन्स फाउंडेशनची 2015 पासूनची निवासी अकादमी शिष्यवृत्तीवर मुले घेते, हे मान्य केले पाहिजे. परंतु तिथे देशभरातून मोजकीच मुले निवडली जातात. पनवेलच्या हजारो मुलांचा प्रश्न एका कंपनीच्या दातृत्वाने सुटणार नाही, आणि सुटावा अशी अपेक्षाही आपण धरू नये. हक्क मागायचा असतो तो शासनाकडे.

ठेवीदारांच्या पैशाचे महाल

खाजगी अकादमीच्या भरवशावर राहिले की काय होते, याचे उदाहरण पनवेलकरांना बाहेर शोधायला नको. कर्नाळा स्पोर्ट्स अकादमी ही पनवेलची शान म्हणून मिरवली गेली. कर्नाळा नागरी सहकारी बँकेतील कर्जाच्या नावाखाली वळवलेला पैसा या अकादमीत आणि संबंधित संस्थेत गेला, असा आरोप तपास यंत्रणांनी ठेवला. 2021 मध्ये सक्तवसुली संचालनालयाने अकादमीसह मालमत्ता जप्त केली आणि त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने बँकेचा परवाना रद्द केला. न्यायालयाचा निर्णय न्यायालय देईल. पण ज्या भाजीवाल्याने, ज्या रिक्षावाल्याने आयुष्याची पुंजी त्या बँकेत ठेवली, त्याच्या मुलाने त्या अकादमीचा पोहण्याचा तलाव कधी आतून पाहिला असेल का?

पुण्यातही तेच झाले. लिव्हरपूल क्लबचे नाव लावून बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी यांच्या समूहाने मोठी फुटबॉल अकादमी काढली. 2018 च्या फेब्रुवारीत ठेवीदारांच्या फसवणुकीच्या प्रकरणात त्यांना अटक झाली. क्लबही गेला आणि अकादमीही गेली. त्याआधी 2010 मध्ये महिंद्रा युनायटेड हा मुंबईचा नावाजलेला संघ कंपनीने बंद केला होता. 2025 मध्ये तर इंडियन सुपर लीगचा हंगामच लांबला, कारण महासंघ आणि व्यापारी भागीदार यांच्यातील 2010 चा करार संपत आला होता आणि पुढचा होत नव्हता. क्लबांनी कामकाज थांबवले. क्लब बुडाला तर मालक दुसरा धंदा करील. पंधरा वर्षांच्या पोराने दुसरे वय कुठून आणायचे?

सरकारने केले की होते

'सरकारी कामात काही होत नाही' असे म्हणणाऱ्यांना अनिकेत जाधवचे नाव सांगावे. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा हा मुलगा राज्य शासनाच्या पुण्यातील क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याला घडवण्यासाठी बापाला रिक्षा विकावी लागली नाही, कारण निवास, आहार, शाळा आणि प्रशिक्षण यांची जबाबदारी शासनाची होती. हे उदाहरण अपवाद राहिले, तो दोष शासनाच्या इच्छाशक्तीचा आहे, पद्धतीचा नाही.

त्याच विश्वचषकाच्या निमित्ताने 15 सप्टेंबर 2017 रोजी 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' साजरे झाले. शाळाशाळांतून फुटबॉल वाटले गेले, छायाचित्रे निघाली. नेरूळच्या मैदानावर स्पर्धेचे सामने झाले. 30 ऑक्टोबर 2022 रोजी मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही तिथेच झाला. सिडकोने खारघरला फुटबॉलचे सेंटर ऑफ एक्सलन्स उभारले. 14 डिसेंबर 2025 रोजी खुद्द मेस्सी वानखेडेवर आला आणि त्याच्या साक्षीने राज्य शासनाने 'प्रोजेक्ट महादेवा' जाहीर केला. तेरा वर्षांखालील तीस मुले व तीस मुली यांना पाच वर्षांची शिष्यवृत्ती! योजनेचे स्वागत आहे. मुली आणि मुले समसमान घेतली, त्याचे विशेष स्वागत. पण छत्तीस जिल्ह्यांच्या राज्यात साठ जागा म्हणजे जिल्ह्याला दोनसुद्धा नाहीत. आणि निवड चाचणीपर्यंत पोहोचायला मुलाला आधी कुठेतरी खेळायला मिळाले पाहिजे. चेंडू वाटला, मेस्सी दाखवला, पण वस्तीजवळचे मैदान कुठे आहे?

इथे महाडची आठवण होणे स्वाभाविक आहे. आपण त्याच जिल्ह्यातली माणसे. 1923 साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेनेही ठराव केला. तरीही ओंजळभर पाण्यासाठी 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना चवदार तळ्यावर जावे लागले आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला मार्च 1937 उजाडले. पळस्पे फाट्यावर बाबासाहेबांसाठी पाण्याचा माठ भरून वाट पाहणाऱ्या सोनबा येलवेंची कहाणी आपल्या घराघरात सांगितली जाते, ती याच पनवेलची. कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यातले अंतर आपल्याइतके कुणी मोजलेले नाही. संविधानाच्या कलम 15(2) मध्ये विहिरी, तलाव, रस्ते यांच्यासोबत शासनाच्या पैशाने चालणाऱ्या सार्वजनिक वापराच्या जागाही येतात. मैदान ही त्यातलीच जागा. कलम 39(च) तर मुलांना निरोगी आणि प्रतिष्ठेच्या वातावरणात वाढण्याची संधी देण्याचे कर्तव्य राज्यावर टाकते.

पनवेल महापालिका 1 ऑक्टोबर 2016 रोजी स्थापन झाली. नव्या शहराचा आराखडा हा आपल्या मुलांच्या मैदानाचा सातबारा आहे, असे समजून तो वाचा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 नुसार आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती घेण्यासाठी तीस दिवस मिळतात. आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर कलम 127 खाली मालक नोटीस देतो आणि पुढच्या चोवीस महिन्यांत पालिकेने पावले उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. मैदाने अशीच जातात. बुलडोझर नंतर येतो, आधी मुदत संपते! आपले कार्यकर्ते पुतळ्याच्या जागेसाठी जागरूक असतात, ते असलेच पाहिजेत. तेवढेच जागरूक मैदानाच्या आरक्षणासाठीही राहिले पाहिजे. माहिती अधिकाराचा एक अर्ज दहा रुपयांत होतो.

पालकांनो, सही करण्यापूर्वी

वकिली करताना अलीकडे असे पालक भेटतात, ज्यांच्या हातात एखाद्या अकादमीचा इंग्रजी करारनामा असतो. मुलाला परदेशी नेतो, क्लबात घेतो, म्हणून पैसे भरलेले असतात आणि पावतीवर 'देणगी' लिहिलेले असते. म्हणून काही गोष्टी इथे स्पष्ट सांगतो.

भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 11 नुसार अज्ञान मुलाने केलेला करार कायद्याने करारच नाही. 1903 सालच्या मोहोरी बीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने तो मुळातच निरर्थक ठरवला आहे. म्हणून चौदा वर्षांच्या मुलाची सही घेऊन त्याला बांधून ठेवता येत नाही. पण पालकाची सही पालकाला बांधते, तेव्हा न समजलेल्या कागदावर सही करू नका. फिफाच्या नियमानुसार अठरा वर्षांखालील खेळाडूचा करार तीन वर्षांहून अधिक असू शकत नाही. काही मोजके अपवाद सोडले, तर अठरा वर्षांखालील मुलाची एका देशातून दुसऱ्या देशात बदलीही होत नाही. त्यामुळे 'पुढच्या वर्षी युरोपात खेळवतो' असे बाराव्या वर्षी सांगणारा माणूस बहुधा तुमच्या खिशाकडे पाहत असतो.

जन्मदाखला वेळेवर काढा. वीटभट्टीवर जन्मलेल्या कातकरी मुलाची नोंद नसते, शाळेत अंदाजे तारीख लागते आणि वयचोरीच्या संशयावरून तो चाचणीतच बाद होतो. वर्ष उलटून गेलेल्या जन्माची नोंदही दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने होते. आपल्या वकील मित्रांनी हे काम वाड्या-वस्त्यांवर जाऊन फुकट करावे. अकादमी निवासी असेल तर मुला-मुलींच्या सुरक्षिततेची जबाबदारी कुणाची, तक्रार कुणाकडे करायची, हे लेखी मागा. लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणारा 2012 चा कायदा अकादमीच्या कुंपणाआतही लागू आहे.

आणि शाळा! शाळा सोडायला सांगणारी अकादमी ही अकादमी नव्हे, तो जुगार आहे. शंभर मुलांतली किती व्यावसायिक होतील? बोटावर मोजण्याइतकी. उरलेल्यांच्या हाती काय? आपल्यातले काही जाणते लोक म्हणतात, आपली मुले कलेक्टर झाली पाहिजेत, चेंडूमागे पळून काय मिळणार? त्यांची काळजी खरी आहे. पण खेळ आणि शिक्षण हे एकमेकांचे वैरी नाहीत, त्यांना वैरी बनवले गेले आहे. राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत. खेलो इंडियात निवडलेल्या मुलाला दरमहा 10 हजार रुपये खर्चासाठी मिळण्याची तरतूद आहे. हे सगळे दरवर्षी कुणाच्या तरी पदरात पडते. आपल्या पदरात का पडू नये?

दुसरीकडे काही जण कौतुकाने म्हणतात, 'तुमची पोरं काटक, ती रक्तातच खेळाडू!' या कौतुकापासून सावध राहा. गुण जन्माने येतात असे म्हणणे हीच जातिव्यवस्था आहे. एकाच्या रक्तात बुद्धी आणि दुसऱ्याच्या रक्तात अंगमेहनत, ही वाटणी आपण मनुस्मृतीसोबत महाडला जाळली. खेळाडू घडतो तो सरावाने, आहाराने आणि शिकवणाऱ्या माणसामुळे.

आपण काय करायचे?

नागपूरला विजय बारसे या क्रीडाशिक्षकाने 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला. त्यातून 'स्लम सॉकर' उभी राहिली, तिला 2016 मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला आणि 2022 मध्ये नागराज मंजुळे यांनी 'झुंड' काढला. मुंबईत कुलाब्याच्या आंबेडकर नगरात अशोक राठोड या तरुणाने 2006 मध्ये वस्तीतली मुले जमवली. शाळेत जाल तरच खेळाल, हा त्याचा नियम. आज ती ऑस्कर फाउंडेशन म्हणून ओळखली जाते. दोघांनीही सुरुवात केली तेव्हा हाती टर्फ नव्हते.

2022 च्या मुलींच्या विश्वचषकात भारताची कर्णधार होती अष्टम उरांव, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातील आदिवासी मजुराची मुलगी. तिच्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कामावर तिचेच आईबाप मजुरी करत होते, ही बातमी तेव्हा देशभर गाजली. मुलगी देशाची कर्णधार झाली तेव्हा गावाला रस्ता सुचला! आपल्या सावित्रीच्या लेकींना मैदान मिळायला त्यांनी आधी कर्णधार व्हायचे का?

म्हणून पनवेल महापालिका, सिडको आणि क्रीडा खात्याकडे मागणी एकमुखाने झाली पाहिजे. खारघरच्या केंद्रात महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुला-मुलींसाठी विनाशुल्क जागा राखून ठेवा. निवडीचे निकष आणि निवडलेल्यांची यादी जाहीर करा. प्रत्येक प्रभागात एक खुले मातीचे मैदान आणि परवानाधारक प्रशिक्षक द्या. दुर्बल घटकांसाठी राखून ठेवायचा 5 टक्के निधी गटार-लादीकरणात न जिरवता त्यातून बूट, आहार आणि प्रवासखर्च द्या. ज्या खाजगी अकादम्या सिडकोच्या वा पालिकेच्या जमिनीवर चालतात, त्यांना चौथाई जागा गरीब मुलांना देण्याची अट घाला. शाळांसाठी शिक्षणहक्क कायद्यात पंचवीस टक्क्यांची अट चालते, तर मैदानाला का नको? या मागणीत आगरी, कोळी, कातकरी, मुस्लिम, सारे प्रकल्पग्रस्त आणि कष्टकरी आपल्यासोबत येऊ शकतात, कारण सिडकोने जमीन सगळ्यांची घेतली आहे.

आणि एक मागणी स्वतःकडेही. जयंतीला एका रात्रीच्या डीजेवर एकेक मंडळ जेवढे उधळते, तेवढ्यात पंचवीस मुलांचे वर्षभराचे बूट, चेंडू आणि अंडी-केळी होतात. प्रत्येक विहाराचा एक मुलांचा आणि एक मुलींचा संघ असू द्या. तो संघ जिल्हा संघटनेकडे नोंदवा, प्रत्येक खेळाडूची नोंद आपल्या क्लबच्या नावाने ठेवा, एका तरुणाला प्रशिक्षकाचा परवाना काढायला पाठवा. सकाळी सराव, संध्याकाळी विहारात अभ्यासिका. येत्या 14 एप्रिलला मिरवणुकीच्या वर्गणीतून पहिले दहा हजार रुपये यासाठी बाजूला काढायला कोणते मंडळ तयार आहे? ज्या मंडळाची तयारी असेल, त्याच्या नोंदणीची कागदपत्रे तयार करून देण्याचे काम आम्ही वकील मंडळी करू.

जयभीम!